घरून काम की घरचं काम?

मागच्या महिन्यात आमच्या मोठ्या जाऊबाईंच्या सुनेला कंपनीचं पत्र आलं. पत्र म्हणजे ई-मेल. पुढच्या तिमाहीपासून आठवड्यातले तीन दिवस पुण्याच्या ऑफिसात हजर राहायचं, उरलेले दोन दिवस घरून काम केलं तरी चालेल. याला म्हणे हायब्रीड पद्धत म्हणतात. सूनबाईनं रात्री जेवताना हे सांगितलं आणि सगळे गप्प झाले. आमच्या सासूबाई पंच्याहत्तरीच्या पुढच्या, त्यांना कमी ऐकू येतं. त्यांच्या कानावर नेमका एकच शब्द पडला.

"हायब्रीड? आता कोन पेरायलंय गं हायब्रीड?"

तेवढ्या ताणातही हसू फुटलं सगळ्यांना. पण मैत्रिणींनो, आपल्या मराठवाड्यात हायब्रीड म्हटलं की अजूनही ज्वारीच आठवते. १९६४ साली संकरित ज्वारीचं पहिलं वाण आलं, आणि बाहत्तरच्या दुष्काळाच्या आगंमागं घराघरात ती भाकरी शिरली. सासूबाई सांगतात, "हायब्रीडनं पोट भरलं माय, खोटं कशाला बोलू? पर टाळकीची चव न्हाई. अन् काढणीला पाऊस गाठला की कणसं काळी पडायची. कडबा बी बुटका, जनावराला पुरायचा न्हाई." म्हणजे उपकारही मान्य आणि तक्रारही कायम. नोकरीच्या या नव्या हायब्रीडबद्दल गेला महिनाभर आमच्या घरात जे चाललंय ते ऐकलं, तर सासूबाईंनी फार काही चुकीचं ऐकलं असं मला वाटत नाही.

आधी सूनबाईची गोष्ट सांगते. ती इंजिनियर. लग्नाआधी हिंजवडीला नोकरी करायची. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि लॅपटॉप घेऊन ती माहेरी परभणीला आली. पुढच्या वर्षी लग्न होऊन नांदेडला आली ती लॅपटॉपसकटच. आमचा पुतण्या नव्या मोंढ्यात कृषी सेवा केंद्र चालवतो. खरं तर एरवी ही सोयरीक झालीच नसती. दुकानदार मुलगा नांदेड सोडू शकत नाही आणि पुण्याची नोकरी सोडून नांदेडला यायला शिकलेली मुलगी तयार होत नाही, हे आपल्याकडचं जुनं दुखणं. घरून काम आलं म्हणून ते जमलं. वरच्या मजल्यावरच्या खोलीत तिचं टेबल लागलं, इन्व्हर्टर आला, नेटचं कनेक्शन आलं. पगार पुण्याचा, खर्च नांदेडचा. पोरगं झालं, ते आता अडीच वर्षांचं आहे. जाऊबाई सगळ्यांना कौतुकानं सांगायच्या, "आमची सून कंपनीत आहे, पण घर सोडून नाही."

या शेवटच्या वाक्यावर मी थोडी थांबणार आहे.

घर सोडून नाही, म्हणजे काय? मी शेजारच्याच घरात राहते, त्यामुळे पाच वर्षं सगळं बघते आहे. सिलिंडरवाला आला की हाक वर जाते, कारण ती घरीच आहे. पोराला भरवायचं, ती घरीच आहे. दुपारी कुणी पाहुणे टपकले तर चहा कोण करणार, घरात तरुण बाई तीच आहे. मीटिंग चालू असताना जाऊबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून खुणेनं विचारतात, कुकरच्या किती शिट्ट्या? जाऊबाई वाईट नाहीत हो. नातवाला त्यांनी तळहातावर वाढवलंय. पण समोर बसलेली, डोळ्यांना दिसणारी सून "कामावर गेली आहे" हे त्यांच्या मनाला पटत नाही. दुकानात बसलेल्या मुलाला मात्र दुपारी कुणी फोन करून शिट्ट्या विचारत नाही.

सूनबाई मला एकदा म्हणाली, "काकू, ऑफिसात निदान सहाला सगळे उठतात. इथं मी खुर्चीतून उठते ती थेट कणकेच्या परातीकडे. आणि रात्री सगळी झोपली की राहिलेलं काम उघडते."

हे तिच्या एकटीचं नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०२४ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो असं दिसलं, आणि पुरुषांचा ८८ मिनिटं. त्यातही गंमत बघा, ही सरासरी जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांचीच आहे. जे लावतच नाहीत ते या हिशेबात धरलेले नाहीत! आता ज्या घरात बाईच्या वाट्याला आधीच पावणेपाच तास आहेत, त्या घरात ऑफिसचे नऊ तास आणून ठेवले तर ते कुठं मावणार? झोपेत. दुसरी जागा नाही.

तरीही मी घरून कामाच्या विरोधात आहे असं समजू नका. आमच्या गल्लीत लॉकडाऊनमध्ये चार पोरं पुण्या-हैदराबादहून परत आली होती. त्यातल्या एकाचे वडील पुढं आजारी पडले, आठ महिने अंथरुणावर होते. तो मुलगा उशाशी लॅपटॉप ठेवून काम करायचा, मध्येच उठून बापाची कूस बदलायचा. वडील गेले तेव्हा त्याची आई म्हणाली, एवढं तरी झालं, नाहीतर आमच्या नशिबात फोनवरच रडणं होतं. ज्या जिल्ह्यांनी शिकलेली लेकरं पिढ्यान्‌पिढ्या बसस्टँडवर नेऊन सोडली, त्यांना चार-पाच वर्षं ती परत मिळाली, याची किंमत कशी करणार? विष्णुपुरीला एवढं मोठं इंजिनियरिंग कॉलेज आहे, लातूरच्या पॅटर्नचं नाव राज्यात आहे. आपण मुलं घडवतो आणि पुण्याला देतो. घरून कामामुळं पहिल्यांदा उलटा प्रवाह आला. पुण्याचा पगार नांदेडच्या किराणा दुकानात खर्च व्हायला लागला. बाळंतपणानंतरच्या मुली, अधू मुलाची आई, चालता न येणारा तरुण, यांना तर घरून काम म्हणजे नोकरी असणं आणि नसणं एवढा फरक आहे.

कंपन्यांचं मन मात्र फार लवकर बदललं. टीसीएसनं २०२० साली जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत एका वेळी फक्त २५ टक्के माणसं ऑफिसात असली तरी पुरतील. त्याच टीसीएसनं ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात बोलावलं. इन्फोसिसनं खालच्या आणि मधल्या पायरीवरच्या लोकांना महिन्यातले किमान दहा दिवस हजेरी लावायला सांगितली. बाकीच्यांनी तीन दिवसांचा मधला मार्ग धरला. मालकांना वाटतं माणूस डोळ्यासमोर असला की काम जास्त होतं. म्हणजे आमच्या जाऊबाई आणि त्या कंपन्यांचे साहेब यांचं एका बाबतीत एकमत आहे, दिसतं तेच खरं!

पण त्या साहेबांचंही सगळंच खोटं नाही, हे मला माझ्या भाचीकडून कळलं.

माझं माहेर लातूर. आता एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून (मार्च २०२३ पासून) मी महिन्या-दोन महिन्यांनी लोहा, अहमदपूर, चाकूर करत जाऊन येते. माझ्या भावाची मुलगी २०२१ साली नोकरीला लागली. कुरिअरनं लॅपटॉप आला, मोबाईलवर मुलाखत, पडद्यावरच साहेब. दोन वर्षं तिनं औसा रोडच्या घरातल्या मागच्या खोलीत बसून नोकरी केली. आम्हाला वाटायचं किती सुखात आहे पोर, आईच्या हातचं गरम जेवतेय. एकदा रात्री गच्चीवर बसलो होतो तर म्हणाली, "आत्या, दोन वर्षांत मला कुणी रागावलं नाही, अन् कुणी शिकवलं पण नाही. काही अडलं तर विचारायला मेसेज टाकायचा अन् वाट बघत बसायचं. समोरचा हसायलाय का वैतागलाय ते बी कळत नाही."

२०२३ साली तिला पुण्याला बोलावलं, आठवड्यातले तीन दिवस. भाऊ नाराज झाला. ती तीन मुलींसोबत खोली घेऊन राहिली. दिवाळीला आली तेव्हा तिची चालच बदललेली. दोन महिन्यांत जे शिकले ते दोन वर्षांत शिकले नव्हते, म्हणाली. शेजारच्या टेबलावरच्या बाई काम कसं करतात ते नुसतं बघून कळतं. आणि जेवणाच्या सुट्टीत अजून एक कळलं. तिच्याच बरोबर लागलेल्या, तिच्याएवढंच काम करणाऱ्या मुलाचा पगार तिच्यापेक्षा जास्त होता. त्यानं मागितला होता. हिला मागतात हेच माहीत नव्हतं. मागच्या खोलीत बसून कसं कळणार?

हे ऐकलं आणि मला माझ्या बचत गटाची आठवण झाली. दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गटातल्या बायका एका व्यापाऱ्याकडून कापड आणून घरी परकर शिवायच्या. नगावर मजुरी. प्रत्येकीच्या घरी तो माणूस वेगळा जायचा, माल वेगळा न्यायचा. एकदा गटाची मासिक बैठक झाल्यावर बायका बोलत बसल्या आणि उघड झालं की एकाच परकराला एकीला आठ रुपये मिळतात आणि दुसरीला सहा. सहावाली बाई विधवा, गरजू, घासाघीस न करणारी. ती तीन वर्षं सहा रुपयांतच शिवत होती. त्या दिवशी ती रडली नाही, नुसती बघत राहिली माझ्याकडे. पुढच्या महिन्यात सगळ्यांनी मिळून आठ मागितले, आणि मिळाले. काही आंदोलन वगैरे नाही झालं. फक्त सगळ्या एका सतरंजीवर बसल्या होत्या.

म्हणून मला हसू येतं, जेव्हा लोक घरून काम ही करोनानं आणलेली नवी गोष्ट आहे म्हणतात. अहो, आपल्या बायका किती पिढ्या घरून काम करतायत. सोलापुरात बायकांनी घरी पानं आणि तंबाखू नेऊन विड्या वळल्या. १९६६ च्या विडी कामगार कायद्यानं घरी वळणारीलाही कामगार म्हटलं, तेव्हा कुठं तिला ओळख मिळाली. घरी बसून मजुरीचं काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९९६ साली वेगळा करार केला, अहमदाबादच्या सेवा संस्थेनं आणि इलाबेन भट्ट यांनी त्यासाठी पुष्कळ झटापट केली होती. भारतानं अजून त्यावर मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही.

माझी आई लातूरला शिलाई मशीन चालवायची. आमच्या दोघा भावंडांच्या फिया त्या मशीनवर निघाल्या. १९९१ ची जनगणना होती, गुरुजी वही घेऊन दारात आले. बाई काय काम करतात, विचारलं. आई आत मशीनवरच होती, आवाज बाहेर येत होता. वडील म्हणाले, "काही नाही, घरीच असते." माझे वडील सज्जन माणूस. त्यांना आपण काही चुकीचं बोललो असं वाटलंच नाही, आणि खरं सांगू, आईलाही नाही. मला मात्र ते वाक्य इतक्या वर्षांनी आठवतं. आता २०२७ ची जनगणना होते आहे. दारात प्रगणक येतील तेव्हा तुमच्याकडे उत्तर कोण देणार आहे, ते आधी ठरवून ठेवा.

उलट लिज्जतची पद्धत बघा. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण त्यांचं काम चालतं कसं, याकडे आपलं लक्ष जात नाही. बहिणी सकाळी शाखेत येतात, कालचे लाटलेले पापड तपासून देतात, आपला मेहनताना घेतात, मळलेलं पीठ घेतात आणि घरी जाऊन लाटतात. कामाला घेण्याआधी घरी स्वच्छ, पुरेशी जागा आहे का ते बघून जातात. ज्यांच्या घरी जागा नाही त्यांना शाखेतच पीठ मळायला, पॅकिंगला घेतात. थोडं घरी, थोडं बाहेर. रोज चार बायकांची तोंडं दिसतात, भाव सगळ्यांना एकच. हे हायब्रीड नाही तर काय आहे? फक्त त्याला ते नाव नव्हतं.

म्हणजे माझं मत झालं, की थोडं घरी आणि थोडं बाहेर हेच बरं. पण लिज्जतची शाखा चालत जाण्याएवढी किंवा गाडी न्यायला येईल एवढी जवळ असते. नांदेडहून पुणं साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे, लातूरहून साडेतीनशेच्या. इथंच आपलं आणि मोठ्या शहरांचं गणित फिसकटतं.

चीनमधल्या एका मोठ्या प्रवास कंपनीत यावर दोनदा प्रयोग झाले. २०१० च्या सुमारास त्यांनी फोनवर बोलणाऱ्या काही लोकांना नऊ महिने घरून काम दिलं. काम तेरा टक्क्यांनी वाढलं. पण कामाच्या मानानं त्यांना बढत्या कमी मिळाल्या, आणि प्रयोग संपल्यावर त्यांतल्या जवळपास निम्म्या लोकांनी, एकटं वाटतं म्हणून, परत ऑफिसच मागितलं. मग त्याच कंपनीनं २०२१-२२ मध्ये १६१२ जणांवर दुसरा प्रयोग केला, आठवड्यातले दोन दिवस घर आणि तीन दिवस ऑफिस. त्याचा अहवाल २०२४ साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात आला. नोकरी सोडून जाणारे एक तृतीयांशानं कमी झाले, त्यातही बायका आणि लांबून येणारे जास्त थांबले, आणि बढत्यांवर काही वाईट परिणाम दिसला नाही. हायब्रीडच्या बाजूनं याहून चांगला पुरावा नाही. पण ते 'लांबून' म्हणजे एका शहरातलं लांबून! सकाळी जाऊन रात्री घरी परतणारे लोक ते. रविवारी रात्री ट्रॅव्हल्सच्या स्लीपरमध्ये पोराला झोपवून निघणारी आई त्या सोळाशे बारा जणांत नव्हती.

आमच्या घरी हिशेब झाला तो असा. पुण्यात पी.जी.ची एक कॉट साडेसात हजार. आठवड्याला दोन फेऱ्या, म्हणजे महिन्याला आठ वेळा ट्रॅव्हल्स, सात-साडेसात हजार, दिवाळीत दुप्पट. वर चहापाणी, रिक्षा. पगारातले सोळा-सतरा हजार रस्त्यावर गेले. रविवारी रात्री निघायचं, सोम-मंगळ-बुध काम करायचं, बुधवारी रात्री परत बसायचं, गुरुवारी सकाळी दहाला पुन्हा वरच्या मजल्यावर लॅपटॉप उघडायचा. पोरगं चार रात्री आजीजवळ. आजीचे गुडघे गेलेले.

"मग सोड की," असं पहिल्यांदा कोण म्हणालं ते आता कुणी कबूल करत नाही. पण म्हणालं. मी तिथंच होते. एवढा पगार, एवढी वर्षं, आणि सोडायला लागली अर्धी मिनिटं. दुकान दोन वर्षं तोट्यात होतं तेव्हा पुतण्याला "सोड की" कुणी म्हणालं नव्हतं. हिच्या पगारावर घराचा हप्ता गेला होता.

इथं लातूरचीही एक गोष्ट सांगते. भाचीचं लग्न बघतायत. हल्ली बायोडाटात गोरी, गृहकृत्यदक्ष याच्या जोडीला एक नवी ओळ आलीय, 'वर्क फ्रॉम होम'. मुलाकडचे आले, पोहे खाल्ले, आणि मुलाच्या आईनं विचारलं, "घरून काम मिळतं ना तुला?" भाऊ घाईघाईनं हो म्हणाला. पोरगी म्हणाली, "तीन दिवस ऑफिस असतं." त्यांचा निरोप काही आला नाही. भावाचं मला फोनवर फोन, तू समजाव तिला, घरून करते म्हणायला काय झालं होतं? मी म्हटलं, दादा, त्यांना पगार आणणारी स्वयंपाकीण पाहिजे होती. तो दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. चालायचंच.

तर नोकरी सोडायची नाही, पुण्याला जाऊन राहायचं नाही, आणि वरच्या मजल्यावर बसून झिजायचं नाही, यातून काही निघतं का?

मला एक गोष्ट सुचली ती आपल्याच गावांकडे बघून. लातूरला उद्योग भवन परिसरात, आमच्याकडे श्यामनगर-भाग्यनगर भागात अभ्यासिका किती आहेत बघा. महिन्याचे पैसे भरायचे, एक खुर्ची, एक टेबल, दिवा, पंखा, शांतता. घर दोन गल्ल्या पलीकडे असलेली मुलंसुद्धा तिथं जाऊन बसतात. का? कारण घरी बसलं की घर बोलावतं, हे आपण पोरांच्या बाबतीत मान्य केलंय. मुलगा अभ्यासिकेत गेला की त्याला कुणी कोथिंबीर आणायला सांगत नाही. मग सुनेला अशी खुर्ची का नको?

आमच्या महिला मंडळाची एक खोली आहे, वर्षातून दोनदा हळदीकुंकवाला उघडायची. गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही ती झाडून घेतली, चार टेबलं मांडली, एकीच्या यजमानांनी जुना इन्व्हर्टर दिला, नेटचं कनेक्शन घेतलं. महिन्याला चारशे रुपये. सध्या चौघी येतात. दोघी कंपनीवाल्या, एक मुलांच्या ऑनलाइन शिकवण्या घेते, एक कुणाकुणाचे जीएसटीचे कागद भरते. भिंतीवर एकच नियम लिहिलाय, 'येथे भाजी निवडू नये.' सगळंच सुरळीत झालं असं नाही. पाचवी एक होती, तिचे सासरे म्हणाले, घर सोडून दुसऱ्याच्या घरात बसायचं तर त्याला घरून काम कशाला म्हणायचं? ती आठ दिवसांत बंद झाली. लाईट गेली की इन्व्हर्टर दोन तासांवर टिकत नाही. मुलांना कुठं ठेवायचं याचं उत्तर आमच्याकडेही नाही. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर हवं असं २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यानं सांगितलं, पण ते ऑफिसात. आमच्या चार खुर्च्यांना कुठला कायदा?

त्याच कायद्यात अजून एक कलम होतं, जे आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेलंय. २६ आठवड्यांच्या रजेनंतर, काम घरून होण्यासारखं असेल तर मालक आणि बाई दोघांच्या संमतीनं काही काळ घरून काम करता येतं. 'करता येतं'. द्यावंच लागतं असं नाही. तरी मागायला हरकत नसते, हे मी भाचीकडून शिकले.

आम्ही तिघींनी, म्हणजे सूनबाई, मी आणि फोनवर लातूरहून भाची, मिळून एक अर्ज तयार केला. भाचीनं इंग्रजी केलं. तीन दिवस गुणिले चार आठवडे म्हणजे महिन्याचे बारा दिवस होतात. ते दर आठवड्याला तुकडे करून घेण्यापेक्षा मला सलग द्या, असं त्यात लिहिलंय. दोन फेऱ्यांत काम होईल, आठ फेऱ्या लागणार नाहीत. ऑफिसात असेन तेव्हा पूर्ण असेन, नव्या मुलांना शिकवीन. उरलेले दिवस नांदेडहून, स्वतंत्र जागेतून, ठरल्या वेळेत काम करीन. स्वतंत्र जागेचा फोटोही जोडलाय, भाजीच्या नियमाची पाटी तेवढी उतरवून काढला.

तिकडून काय उत्तर येईल माहीत नाही. नाही म्हणाले तर पहिले तीन महिने त्या आठ फेऱ्या करून बघायच्या, असं तिनं आणि पुतण्यानं ठरवलंय. पुतण्या त्या चार रात्री पोराजवळ झोपणार आहे. तो दुकान सातला बंद करायला लागला, तेही याच महिन्यात पहिल्यांदा. परवा त्यानं कणीक मळली. पाणी जास्त झालं. सासूबाई परातीत डोकावून म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, त्याचे धपाटे लावता येतेत." जाऊबाई अजून पुरत्या पटलेल्या नाहीत, पण काल मला विचारत होत्या, दशम्या तीन दिवस टिकतात का गं पुण्याच्या हवेत, की दुधात मळाव्यात?